हुतात्मा आणि रक्तसाक्षी

सोलापूरच्या मध्यवस्तीत चार पुतळे उभे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी देण्यात आले. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी अशी ही चार नावे सोलापूरकर एका दमात उच्चारतो. त्या नावांत जणू या गिरणगावाची सारी वस्तीच एकत्र आली आहे, अशी त्याची भावना असते, आणि ती खोटी नाही.

काही वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टच्या मिस्सेत या चौघांवर एक प्रवचन ऐकले. मित्रासाठी प्राण देण्याहून मोठे प्रेम नाही, हे योहानाच्या शुभवर्तमानातले वचन प्रवचनकारांनी आधाराला घेतले होते. वधस्तंभ आणि फाशीचा खांब यांची त्यांनी एकेक करून तुलना केली. चाबूक आणि लाठी, पिलात आणि मार्शल लॉचा अंमलदार, गुलगुथा आणि येरवडा. प्रवचन संपले तेव्हा माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांचे डोळे पाणावले होते. माझेही कोरडे नव्हते. बाहेर ध्वजारोहण झाले, मुलांनी एक देखावा सादर केला. त्यात मोशेच्या डोक्यावर गांधी टोपी होती, फारोने लाल डगला घातला होता आणि तांबडा समुद्र ओलांडणाऱ्या इस्राएली मुलांच्या हातांत तिरंगी कागदी निशाणे होती. सगळे कसे जुळून आले होते. घरी परतल्यावर मात्र हे इतके जुळून आलेलेच मनाला टोचू लागले.

त्या प्रवचनकारांवर किंवा मुलांना सजवणाऱ्या भगिनींवर टीका करण्याचा येथे हेतू नाही. तशी प्रवचने आपल्या अनेक धर्मग्रामांत होतात, तसे देखावे दर वर्षी होतात, आणि आपल्या नियतकालिकांच्या ऑगस्ट अंकांत त्याच धर्तीच्या कविता छापल्या जातात. म्हणजे हा आता आपल्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा एक प्रकारच झाला आहे. वाङ्मयप्रकार म्हटला की त्याची समीक्षा व्हायला हवी. ती आपण करत नाही. कारण देशभक्तीच्या लेखनाला नावे ठेवणे बरे दिसत नाही, आणि ख्रिस्ती माणसाने तशी नावे ठेवणे तर मुळीच बरे दिसत नाही.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'हुतात्मा' हा शब्द मराठीत सावरकरांनी रूढ केला असे मानले जाते. शब्द देखणा आहे. हुत म्हणजे अग्नीत अर्पिलेले. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. शब्दाच्या पोटात एक यज्ञकुंड धगधगते आहे. आपल्या ख्रिस्तसभेच्या मराठीत मात्र एक वेगळा शब्द पूर्वापार चालत आला आहे : रक्तसाक्षी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'साक्षीदार' असा आहे; रक्त त्याला मराठीने जोडले, आणि तेही योग्यच केले. गमतीची गोष्ट अशी की 'शहीद' या अरबी शब्दाचे मूळही साक्षीतच आहे. तेव्हा कुर्बान हुसेनला शहीद म्हणणारा मुसलमान आणि स्तेफनाला रक्तसाक्षी म्हणणारा ख्रिस्ती हे व्युत्पत्तीच्या दृष्टीने एकाच अंगणात उभे आहेत. हुतात्मा हा शब्द दुसऱ्या अंगणातला आहे. (कुर्बान हे नावही अर्पणाचेच. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू याच शब्दावरून शास्त्र्यांना खडसावतो : देवाला कुर्बान केले असे म्हणून आईबापांचे देणे बुडवणारे तुम्ही! अर्पणाचा शब्द उच्चारला की प्रश्न संपत नाहीत, याची ती आठवण आहे.)

अंगण वेगळे म्हणून शब्द वापरू नये, असे माझे म्हणणे नाही. संत पौलाने रोमकरांना आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगितले आहे आणि मराठी शास्त्रात तिथे 'यज्ञ' हाच शब्द आहे. प्रश्न इतकाच की आहुती म्हटली की ती कोणाला, हे विचारावे लागते. साक्षीदार कोणाचा तरी असतो. तो स्वतः मध्यभागी नसतो, बोट दाखवून बाजूला होतो. आहुतीला मात्र देवता लागते. आपण वेदीसमोर उभे राहून स्वातंत्र्यसैनिकाला हुतात्मा म्हणतो आणि त्याच श्वासात त्याचे मरण ख्रिस्ताच्या मरणाशेजारी ठेवतो, तेव्हा ज्या देवतेला ती आहुती पोचली ती देवता राष्ट्र असते. वेदी मात्र ख्रिस्ताची असते. इब्री लोकांस लिहिलेले पत्र तर सांगते की ख्रिस्ताचे बलिदान एकदाच आणि कायमचे झाले. त्यानंतर साक्ष उरते; नवा यज्ञ उरत नाही. हा काही धर्मशास्त्राच्या वर्गातला बारकावा नव्हे. पुढच्या पिढीकडून राष्ट्राने कोणती आहुती मागावी आणि आपण ती कशी द्यावी, हे त्यावर ठरते.

आता इतिहासाकडे. मे १९३० च्या आरंभी गांधीजींना अटक झाली. ती बातमी सोलापुरात येताच गिरण्या बंद पडल्या, मोर्चे निघाले. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्यावरून जमाव आणि पोलीस यांच्यात चकमक झाली, गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटवली. पोलीस शिपाई मारले गेले. त्यानंतर तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता आणि काँग्रेसचे स्वयंसेवक रहदारी सांभाळत होते. सोलापूर आजही ते दिवस अभिमानाने सांगते. १२ मे रोजी मार्शल लॉ आला तो जूनअखेरपर्यंत राहिला. गांधी टोपी हा गुन्हा ठरला. पुढे शिपायांच्या हत्येचा ठपका ठेवून या चौघांवर खटला चालला. तो ठपका खोटा होता, ही सोलापूरकरांची ठाम समजूत आहे आणि तिला आधार आहे.

हा सारा तपशील प्रवचनात नव्हता. असता तर तुलना इतकी सरळ बसली नसती. ज्यांच्या मरणावरून खटला उभा राहिला ते शिपाईही कोणाची तरी लेकरे होती. राष्ट्राच्या इतिहासात त्यांना जागा नाही, ते साहजिक आहे; कोणतेही राष्ट्र परक्या सत्तेच्या शिपायांचे पुतळे उभारत नाही. परंतु मिस्सेतल्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत त्यांना जागा नसावी, हे साहजिक नाही. स्तेफन मरताना दगड मारणाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. रक्तसाक्षीच्या कथेत मारणाराही प्रार्थनेत येतो, मेलेला शिपाईही येतो. हुतात्म्याच्या कथेत ते दोघे पडद्याआड जातात. शास्त्र आणि राष्ट्रेतिहास यांची सरमिसळ केली की कोणते पात्र गळून पडते, ते पाहावे. सरमिसळीचा कस तिथे लागतो.

हाच कस लावायचा तर कुंकळ्ळीएवढे अवघड ठिकाण दुसरे नाही. गोव्याच्या सालसेत (साष्टी) प्रांतात जुलै १५८३ मध्ये रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार सोबती येशूसंघीय कुंकळ्ळीला मारले गेले. पोर्तुगीज सैन्याने त्या भागातली देवळे आधी पाडली होती, गावांवर कर लादले होते, आणि हे धर्मगुरू मंदिर बांधण्यासाठी जागा पाहायला गेले होते. पुढे तहाच्या बोलण्यासाठी म्हणून कुंकळ्ळीच्या गावकार पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगिजांनी त्यांची कत्तल केली. १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी त्या पाच येशूसंघीयांना धन्यवादित घोषित केले. आपल्या पंचांगात ते रक्तसाक्षी आहेत. मारल्या गेलेल्या गावकारांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे आहे. गोव्याच्या इतिहासात ते परकीय सत्तेविरुद्धच्या पहिल्या उठावांपैकी एका उठावाचे हुतात्मे आहेत. एकाच गावात, एकाच वर्षी, एकमेकांच्या हातून किंवा एकमेकांच्या नावाने मेलेली माणसे. एकांना एक शब्द, दुसऱ्यांना दुसरा.

या प्रसंगी आपला कॅथलिक लेखक बहुधा एकाच शब्दाला चिकटून राहतो किंवा अलीकडे, देशभक्तीच्या भरात, दुसऱ्याकडे उडी मारतो. दोन्ही शब्द एकदम धरून ठेवण्याची ताकद फार थोड्या लेखनात दिसते. पाच जण ख्रिस्तासाठी गेले हे खरे. पण ते ज्यांच्या छत्राखाली गेले त्यांनी ख्रिस्त आणि पोर्तुगाल यांत भेद केला नाही, हेही तितकेच खरे. ख्रिस्तासोबत पोर्तुगालचा ध्वजही वेदीवर ठेवला गेला, आणि त्याची किंमत आधी देवळे गमावणाऱ्यांनी, मग त्या पाच जणांनी आणि शेवटी गावकारांनी मोजली. आज आपण तिरंगा वेदीपाशी नेतो तेव्हा आपल्याला वाटते, पोर्तुगिजांची चूक ध्वज चुकीचा असण्यात होती. माझ्या मते चूक ध्वज ठेवण्याच्या जागेत होती.

फादर थॉमस स्टीफन्स त्या वेळी सालसेतमध्येच काम करीत होते. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या घटनेची हकीगत दिली आहे, आणि त्याच पत्रात इथल्या भाषांविषयी त्यांना वाटणारे कौतुकही आहे. आपले सहकारी ज्यांच्या हातून मारले गेले त्यांची भाषा या माणसाने आयुष्यभर घोटली आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. मराठी भाषेचा त्यातला गौरव आपण उठताबसता सांगतो. तो कोणत्या रक्ताच्या डागावर उभा आहे हे सांगत नाही. पुराणात ना इंग्लंड आहे ना पोर्तुगालचा जयजयकार. सालसेतचा श्रोता प्रश्न विचारतो आणि पाद्री गुरू त्याला आदामापासूनची कथा सांगतो. भाषा या मातीची, कथा साऱ्या मानवजातीची. मधल्या पायरीवर येणारे राष्ट्र कवीने गाळले आहे. ते सतराव्या शतकात राष्ट्रकल्पना रुजलेली नव्हती म्हणून, असे म्हणता येईल. तरी पोर्तुगीज राजाचे गुणगान त्याला सहज करता आले असते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे येताना मात्र चित्र पालटते. प्रॉटेस्टंट असले तरी टिळक आपलेही आहेत. त्यांची पदे आपल्याही मिस्सेत गाइली जातात. त्यांचा जन्म १८६१ चा. टिळकांच्या धर्मांतराची गोष्ट साधारणतः अशी सांगितली जाते की १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट खरीच आहे. पण त्या गाडीत बसण्यापूर्वी टिळक काय शोधत होते, ते सांगायचे राहून जाते. देशाचा उद्धार कोणत्या धर्माने होईल, हा त्यांचा प्रश्न होता. वेळ पडली तर नवा धर्म स्थापावा, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता. म्हणजे देशभक्ती आधी, ख्रिस्त नंतर. आपल्यातले बहुतेक जण जन्माने ख्रिस्ती असतात आणि देशभक्तीचे प्रमाण मागाहून जोडतात. टिळकांचा प्रवास नेमका उलटा आहे. म्हणून त्यांच्या सरमिसळीला एक सच्चेपणा आहे, आणि म्हणून तिच्यातले धोकेही स्पष्ट दिसतात.

टिळकांच्या आरंभीच्या भूमिकेत ख्रिस्त हा देशासाठी हवा आहे. हिंदुस्थान आजारी आहे आणि येशू हे औषध आहे, असा तो विचार. हेतू उदात्त आहे, परंतु त्यात ख्रिस्त साधन ठरतो. देशाचे दुखणे बरे झाल्यावर त्याचे काय करायचे, याचे उत्तर त्या विचारात नाही. 'अभंगांजली'तले टिळक वेगळे आहेत. तिथे कवी तुकारामाच्या वाटेने येऊन ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणतो, आणि देश हा या माउलीपुढे आणलेला नैवेद्य होतो. साधन आणि साध्य यांची जागा बदलते. ही अदलाबदल एखाद्या सिद्धान्तातून झालेली नाही. अभंगाच्या छंदाने ती घडवली, असे मला वाटते. अभंगात कवी आपले मागणे मांडता मांडता स्वतःच मागे सरतो. त्या छंदात देवाकडून काम करून घेता येत नाही. देशावर वीररसाने लिहिताना जे टिळकांना साधले नाही ते विठ्ठलाच्या अंगणातून आलेल्या छंदाने साधून दिले. आपले आजचे ऑगस्ट अंकांतले कवी पोवाडा आणि समरगीत यांकडे का धाव घेतात आणि अभंगाकडे का येत नाहीत, याचे उत्तर यातच असावे. पोवाड्याला शत्रू लागतो.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी कल्पना होती. इथले ख्रिस्ती मिशनच्या ओटीत वाढलेले पोर होऊन राहू नयेत, ही त्यांची तळमळ होती. कॅथलिक दृष्टीने या दरबाराविषयी पुष्कळ प्रश्न विचारता येतील. बाप्तिस्म्याची जागा त्यात सैल झाली हे नाकारता येत नाही. पण एक योगायोग नोंदवावासा वाटतो. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पोप पंधरावे बेनेडिक्ट यांचे 'मॅक्झिमुम इल्लुद' हे पत्र निघाले. त्यात परदेशी मिशनऱ्यांना कडक समज आहे : जो ख्रिस्ताच्या राज्याऐवजी आपल्या देशाचा मोठेपणा वाढवू पाहतो तो लोकांच्या मनात धर्माविषयी संशय पेरतो, आणि ख्रिस्ती होणे म्हणजे परक्या सत्तेचे प्रजाजन होणे असा समज त्यामुळे पसरतो. अहमदनगर-साताऱ्याच्या कवीने जे आयुष्यभर सोसले ते रोमहून साडेसहा-सात महिने उशिरा मान्य झाले.

त्याच १८६१ साली जन्मलेले ब्रह्मबांधव उपाध्याय हे या गोष्टीचे दुसरे, दुःखान्त टोक. वेदान्ताच्या भाषेत त्रैक्याची स्तुती करणारा हा बंगाली कॅथलिक 'संध्या' पत्रातून इंग्रजांवर इतका तुटून पडला की राजद्रोहाचा खटला चालू असतानाच, १९०७ साली, त्याचा रुग्णालयात अंत झाला. ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या नियतकालिकावर आधीच बंदी घातली होती. त्याच्या हातात दोन निखारे होते आणि ते दोन्ही त्याला सोडवले नाहीत. आपण पंधरा ऑगस्टला ज्या ख्रिस्ती देशभक्तांची यादी वाचतो तीत उपाध्याय क्वचितच येतात. काका जोसेफ बाप्टिस्टा हमखास येतात, आणि यायलाच हवेत. १९१६ च्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष. पण यादीत ते 'लोकमान्यांचे स्नेही' म्हणून येतात. १९२० साली ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा हात होता, हे गिरण्यांच्या सोलापुरातही कोणी सांगत नाही.

या याद्यांविषयीच आता बोलायला हवे. आपण त्या का वाचतो? बाहेर कोणी तरी आपल्याला परके म्हटले आहे, म्हणून. ही भीती खोटी नाही. तिची कारणे प्रत्येक वाचकाला ठाऊक आहेत. पण त्या भीतीने लिहिलेले वाङ्मय प्रतिज्ञापत्रासारखे होते. मोशे, मरिया, स्तेफन यांना आपण साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करतो आणि त्यांच्याकडून वदवून घेतो की आम्ही या देशाशी एकनिष्ठ आहोत. एकनिष्ठ तर आपण आहोतच. त्यासाठी मोशेची सही कशाला?

शास्त्राला स्वतःला राष्ट्रेतिहासाचे वावडे नाही. जुना करार बराचसा राष्ट्रेतिहासच आहे. पण तो कसा सांगितला आहे, ते पाहावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सातव्या अध्यायात स्तेफनाचे भाषण आहे. पहिल्या रक्तसाक्षीचे हे भाषण म्हणजे अथपासून इतिपर्यंत आपल्या राष्ट्राचा इतिहास आहे : अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद, शलमोन. सभेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असलेला. मग ते दातओठ खाऊन का उठले? कारण स्तेफन तोच इतिहास वेगळ्या ठिकाणांवर थांबत सांगतो. देवाचे दर्शन अब्राहामाला झाले ते मेसोपोटेमियात. देव योसेफाबरोबर होता तो मिसरात. मोशेला पवित्र भूमी सापडली ती सीनाय डोंगराच्या रानात. आणि ज्याला घरच्यांनी नाकारले त्यालाच देवाने सोडवणारा म्हणून धाडले. देशाचा इतिहास सांगता सांगता त्याने देशाभिमानाच्या पायाखालची वाळू काढून घेतली. तो मेला तो इतिहासाच्या एका धड्यासाठी, असे म्हणायला हरकत नाही.

आमोस तर याहून धीट. नवव्या अध्यायात त्याच्या मुखाने देव विचारतो की मी जसे इस्राएलला मिसरातून आणले तसेच पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून आणले नाही काय? पलिष्टी आणि अरामी म्हणजे हाडवैरी. त्यांचेही एक निर्गमन आहे! या वचनाच्या आधारे भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात देवाचा हात पाहण्याचा आपल्याला पुरेपूर अधिकार आहे. त्या देखाव्यातल्या मोशेची गांधी टोपी आमोसाला खटकली नसती. मात्र त्याच वचनाप्रमाणे शेजारच्या, नावडत्या राष्ट्रालाही तो अधिकार आहे. आपल्या देखाव्यांत हा दुसरा भाग कधी येत नाही. आणि यिर्मया? बाबेलच्या जोखडाखाली राहा असे सांगितल्याबद्दल त्याला शत्रूला फितूर म्हणून धरून कोंडले. जोखड मोडून टाळ्या घेणारा हनन्या मात्र खोटा संदेष्टा ठरला. संदेष्ट्यांच्या पुस्तकात देशभक्तीचे प्रमाणपत्र मिळवणारा बहुधा चुकीचा माणूस असतो.

पंधरा ऑगस्ट हा आपल्याकडे मरियेच्या स्वर्गोन्नयनाचाही सण, आणि त्या दिवशीच्या शुभवर्तमानात मरियेचे स्तोत्र वाचले जाते. अधिपतींना राजासनांवरून ओढून काढले, दीनांना उंच केले, भुकेलेल्यांना तृप्त केले आणि धनवानांना रिकाम्या हाती लावून दिले, असे ती गाते. या योगायोगावर शेकडो प्रवचने झाली असतील. त्यांपैकी बहुतेकांत राजासनावरून ओढलेला अधिपती इंग्रज असतो. तो अर्थ चुकीचा नाही, पण त्याची मुदत १९४७ साली संपली. स्तोत्राची मुदत संपलेली नाही.

सोलापुरात हे कळायला लांब जावे लागत नाही. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्यांची तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत याच शहरात होती. 'सेटलमेंट' हा शब्द त्या भागाच्या नावात अजून टिकून आहे. या जमातींना कायद्याच्या कचाट्यातून मुक्त केले ते ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे तिरंगा फडकल्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवस फारो लाल डगला काढूनही इथे होता. मुंबई इलाख्यातल्या अशा काही वसाहतींची व्यवस्था ख्रिस्ती मिशनांकडे सोपवलेली होती. या कथेत आपण तांबडा समुद्र ओलांडणाऱ्यांच्या बाजूला किती होतो आणि कुंपणाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांच्या बाजूला किती, हा प्रश्न कोणत्या देखाव्यात बसवणार?

आणखी एक तारीख. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. त्याने हिंदूंखेरीज इतरांना अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेरच राहिले. मराठवाडा-सोलापूर पट्ट्यातल्या आपल्या धर्मग्रामांत ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी महारवाड्या-मांगवाड्यांतून बाप्तिस्मा घेतला त्यांच्यापुढे पंधरा ऑगस्टला मरियेचे स्तोत्र वाचले जाते, दहा ऑगस्टनंतर पाच दिवसांनी. 'दीन' हा शब्द ऐकताना त्यांना काय वाटते, हे प्रवचनकाराने एकदा विचारून पाहावे. आणि न्याय फक्त सरकारकडे मागून भागणार नाही. आपल्याच दफनभूमीत, आपल्याच सोयरिकींत कोणता अधिपती कोणत्या राजासनावर बसून आहे, तेही त्या स्तोत्राच्या कक्षेत येते. देशभक्तीची प्रवचने इतकी लोकप्रिय का, याचे एक कारण असेही असावे की त्यांतला अधिपती समुद्रापार निघून गेलेला असतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात, १९६५ साली, नागरिकांनी देशप्रेम उदारपणे आणि निष्ठेने जोपासावे, पण मन संकुचित होऊ देऊ नये, असे सांगितले. वाक्याचा पहिला भाग आपण अनेकदा उद्धृत करतो.

आता पुन्हा त्या प्रवचनाकडे. धनशेट्टी, हुसेन, शिंदे आणि सारडा यांना ख्रिस्ताच्या प्रतिमेत बसवण्याची गरज नव्हती. त्यांची थोरवी ख्रिस्ताच्या उसन्या तेजावर अवलंबून नाही, आणि त्यांच्या घरच्यांपैकी कोणी ते तेज मागितलेलेही नाही. त्यांना त्यांच्या नावाने, त्यांच्या धर्मासह, त्यांच्या शहरातली माणसे म्हणून मिस्सेत आठवावे. खोट्या खटल्यात गेलेल्या साऱ्यांबरोबर आठवावे. चौकीत मेलेल्या शिपायांबरोबर आठवावे. तेवढे केले तरी प्रवचन चांगले झाले असते, आणि डोळे तरीही पाणावले असते.

याच शहराचा आणखी एक मुलगा आहे, ज्याच्यासाठी हुतात्मा आणि रक्तसाक्षी हे दोन्ही शब्द तोकडे पडतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापुरात १९१० साली जन्मले, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच आजाराने वारले. पथकातले इतर परत आले, ते थांबले. ख्रिस्ती नव्हते, शुभवर्तमान त्यांनी वाचले होते की नाही, याने काही बिघडत नाही. यरुशलेमेहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर जो शोमरोनी थांबला त्यालाही कोणी धर्म विचारला नव्हता, फक्त देश कळत होता, आणि तो परका होता. सोलापुरातले त्यांचे घर आज स्मारक म्हणून जतन केले आहे. चिनी परिचारिकेशी त्यांचे लग्न झाले होते. मरणाच्या काही महिने आधी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. चिनी भाषेत यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.